उपाशी पोटातला घास

कसबा बावड्यात त्रिशलाअक्का माहीत नाही असा माणूस सापडलाच, तर तो नक्की परवा राहायला आलेला भाडेकरू असणार. अक्का म्हणजे काय साधी असामी होती व्हय! अंगानं दांडगी, आवाजानं त्याहून दांडगी, आणि हसायला लागली की गल्लीच्या टोकाला बसलेली म्हातारी विचारायची, "आज काय झालं गं अक्काला?" नवऱ्याचं नाव बाहुबली आणि अंगानं नुसती काडी. शिरोली एमआयडीसीत त्याची लहानशी फाउंड्री. दिवसभर भट्टीच्या आणि पंख्यांच्या आवाजावर ओरडून ओरडून ह्या गृहस्थाला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. दोघं स्कूटरवरून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला निघाली की मागून बघणारी पोरं म्हणायची, "अक्का एकट्याच चालल्यात का? अण्णा कुठं हाईत?" त्यावर सगळ्यांत आधी अक्काच हसायची.

पण एका गोष्टीवर तिची चेष्टा करायची कुणाची टाप नव्हती. तिचा नेम. दिवस मावळला की अन्न बंद, पाणी बंद. शिरोळकडच्या माहेरी अव्वानं, म्हणजे आईनं, लावलेली ही शिस्त तिनं जन्मभर पाळली. लग्नाघरी रात्रीच्या पंगती उठायच्या, जिलेब्या फिरायच्या, अक्का आपली हात मांडीवर ठेवून सगळ्यांना आग्रह करत बसलेली. धाकटा मुलगा झाला तो दिवेलागणीनंतर. सुईणीनं दुधाचा पेला तोंडाशी आणला, तर त्या अवस्थेत हिनं ओठ मिटून घेतले. सकाळी सूर्य दिसला तेव्हा प्याली. आता ह्याला हट्ट म्हणा नाहीतर श्रद्धा म्हणा, पण बावड्यात अक्काचं नाव निघालं की हे आधी सांगितलं जायचं, बाकीचं नंतर.

वजन मात्र उपवासाला भीक घालत नव्हतं. धाकट्याच्या वेळेपासून जे चढलं ते चढतच गेलं. मग गुडघे बोलू लागले, मग साखर आली. राजारामपुरीतल्या साखरेच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या करून बघितल्या आणि शेवटी म्हणाले, "अक्का, आठवड्याला एक इंजेक्शन घ्या. साखरही खाली येईल, वजनही." अक्कानं मान डोलावली, पण एक अट घातली. हे घरात कुणाला कळता कामा नये. लोक काय म्हणतील? एवढी व्रतं करणारी बाई, आणि सुई टोचून बारीक व्हायला लागली! त्यामुळं दर आठवड्याला अक्का 'साखर तपासायला' म्हणून जायची, दवाखान्यातच सुई घ्यायची आणि भाजी घेऊन घरी यायची.

काय जादू होती त्या सुईत कोण जाणे. जन्मात पहिल्यांदा अक्काच्या ताटात भाकरी उरू लागली. भूक म्हणून जी काही घरात दबा धरून बसलेली असायची, ती उठून गेल्यासारखीच झाली. तेवढ्यात भाद्रपद आला, जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व आलं. अक्कानं दरवर्षीसारखं एका वेळच्या जेवणाचं व्रत धरलं आणि मनापासून पाळलं. पर्व संपेपर्यंत पोलकी ढगळ झाली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मग काय विचारता! महिला मंडळाच्या अध्यक्षा चंपाक्का माइकवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी अख्ख्या सभेला सांगितलं, "बघा, हा व्रताचा प्रभाव!" शाल, श्रीफळ, टाळ्यांचा कडकडाट. अक्कापुढं माइक आला. तिनं बोलायला तोंड उघडलं, आणि समोरच्या रांगेत बाहुबली रुमालानं डोळे पुसताना दिसला. तोंड तसंच मिटलं. सगळा घोटाळा झाला तो तिथं.

देवाला काही माइक लागत नाही. दिवाळी झाली आणि अक्काच्या उजव्या कुशीत कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे. सर्जन म्हणाले, दुर्बिणीनं काढून टाकू, घाबरायचं काही नाही. कुठली औषधं चालू आहेत म्हणून विचारलं, तर शेजारी बाहुबली बसलेला. अक्कानं साखरेच्या गोळ्या सांगितल्या, रक्तदाबाची सांगितली आणि गप्प झाली. सुईचं ऑपरेशनशी काय नातं, असं तिनं मनाला समजावलं. तिलाच काय, तुम्हाआम्हालाही असंच वाटलं असतं.

आता जरा भूल देणाऱ्या डॉक्टरांबद्दल बोललं पाहिजे, कारण त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही. मला ह्या गोष्टीचा भारी राग आहे. सर्जनचं नाव लोकांना तोंडपाठ. पेढे त्याला, हार त्याला, फोटो त्याच्याबरोबर. आणि तुम्ही मेल्यागत पडलेले असताना उशाशी उभं राहून तुमचा एकेक श्वास सांभाळणाऱ्या माणसाचं नाव विचाराल तर घरातलं एक माणूस सांगेल तर शपथ. ह्या हॉस्पिटलात ते काम शबनूर मुल्लाणी करायची. तिशी ओलांडलेली, बुटकी, चष्मेवाली बाई. बोलणं अस्सल कोल्हापुरी.

ऑपरेशनच्या सकाळी अक्का आतल्या खोलीत आली ती मनात एक भीती घेऊन. तिला वाटत होतं, आता ही डॉक्टरीण वजनावरून बोलणार. आजवर प्रत्येक दवाखान्यात कुणी ना कुणी बोललेलंच. पण शबनूर वजनाचा शब्दही न काढता चादरींच्या घड्या घालत होती. पलंगाच्या डोक्याकडं तिनं घडीवर घडी रचून चांगला उतार केला होता.

"हे कशाला ओ?" अक्कानं विचारलं.

"तुमच्यासाठीच. तुम्ही आडवं झालात की पोटाचा भार छातीवर येतोय. पाठ, खांदं, डोकं असं वर घेतलं की छाती मोकळी होती. झोप लागली की तुमचा हवेचा साठा लवकर सरतोय अक्का, बारीक माणसापेक्षा लई लवकर. म्हणून आधी मास्कनं पोटभर हवा भरून घेणार, मगच झोप."

अक्का बघतच राहिली. तिचं अंग कुणाला ओझं वाटलं होतं, कुणाला विनोद वाटला होता. ह्या अंगाला कसं निजवायचं ह्याचा विचार कुणी बसून केला असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिला एकदम भरून आलं.

"आणि साखर आणि वजन दोन्ही असलं की मी पोटात डोकावून बघतोच," असं म्हणून शबनूरनं तिला उजव्या कुशीवर वळवलं, पोटावर गार जेली लावली आणि सोनोग्राफी सुरू केली. बघता बघता तिचा हात थांबला. परत फिरवला. परत थांबला.

"अक्का, शेवटचं कधी खाल्लं?"

"काल, दिवस मावळायच्या आधी."

"काय?"

"एक भाकरी आन दोडक्याची भाजी. पाणीबी तवाच. आमच्यात रात्रीचं पाणी चालत न्हाय."

"पहाटे चहा? बिस्कीट? एखादा घास?"

"एकदा सांगितलं न्हवं!"

शबनूरनं हळूच सांगितलं, "पोटात अन्न दिसतंय अक्का. बरंच."

झालं! अक्का ताडकन उठून बसली. "म्हंजे मी खोटं बोलालोय व्हय? बाळंतपणात दूध घेतलं न्हाय मी, आन आज चोरून खाईन?" आवाज एवढा चढला की बाहेर बाकावर बसलेला बाहुबली दार ढकलून आत आला. काय झालं ते कळल्यावर तर त्याची भट्टीच पेटली.

"ओ डॉक्टर! काय बोलालाय तुम्ही? आख्ख्या बावड्याला विचारून या. ही बाई सूर्य बुडाल्यावर थुंकी गिळायलाबी इचार करती! असलं मशीन आमच्याकडंबी हाय. ओतलेल्या कास्टिंगच्या पोटातली पोकळी दाखवतंय. आन कैक डाव चांगला माल बाद करतंय ते. मशीनचं काय सांगताय मला?"

"अण्णा, मशीन चुकत असंल तर चांगलंच हाय," शबनूर म्हणाली. "पण बरोबर असंल तर? भूल दिली की गळ्यातला राखणदारबी झोपतोय. पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात जातंय. माणूस हातातनं जाऊ शकतो. मी अशी भूल देणार न्हाय."

"मी सही करतो! जबाबदारी माझी. हिच्या उपवासावर माझा भरवसा हाय. न्हायतर चल गं, ऊठ. दुसरं हॉस्पिटल न्हाय काय कोल्हापुरात?" आणि त्यानं खरंच अक्काच्या चपला पुढं सरकवल्या.

शबनूर त्याच्याकडं बघतच नव्हती. ती अक्कापाशी वाकून हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही खोटं बोलत न्हाय, हे मला पटलंय. मशीनबी खोटं बोलत न्हाय. मग मधी तिसरं कायतरी हाय. अण्णांना बाहेर पाठवू काय?"

अक्कानं चपलांकडं बघितलं. ह्या माणसाचा तिच्यावर एवढा भरवसा होता की त्यापायी तो तिला दुसऱ्या दवाखान्यात नेऊन, कुणी पोटात न बघता, स्वतःच्या सहीनं मारून आला असता. आणि नंतर जन्मभर म्हणाला असता, माझी बायको उपाशीच होती. सभेत मिटलेलं तोंड आता उघडलं नाही तर परत कधीच उघडणार नाही, हे तिला लख्ख कळलं.

"त्यास्नी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मी आठवड्याला सुई घेतो. वजनाची. साखरेच्या डॉक्टरांकडं. दशलक्षणाच्या आधीपासनं."

बाहुबलीनं चपला परत पलंगाखाली सारल्या. तो बाहेर जाऊन बाकावर बसला आणि भिंतीकडं बघत राहिला.

शबनूरनं मात्र एकदम श्वास सोडला. "देवा! केवढं मोठं काम केलंसा अक्का तुम्ही. ही सुई पोटाला सुस्त करती. कालची भाकरी तुम्ही कालच खाल्लीसा, पण पोटानं ती पुढं ढकललीच न्हाय. नेम तुमचा खराच हाय. भाकरीच अडून बसलीय."

अक्काला हसावं की रडावं कळेना. उपाशी माणसाच्या पोटात कालचा घास जिवंत! आणि तो घास दिसला कुणाला, तर आजवर तिची ओळखही नसलेल्या बाईला, आणि तेही तिच्यावर खोटेपणाचा ठपका न ठेवता. ही पोरगी कुठल्या मातीची म्हणायची!

ऑपरेशन पुढं ढकललं. सुई बंद. साखरेच्या डॉक्टरांशी शबनूर स्वतः बोलली. आदल्या दिवशी फक्त पातळ, नारळपाणी आणि गाळलेली पेज, तेही उजेडात. पुन्हा तीच खोली, तोच चादरींचा उतार, तीच गार जेली. ह्या वेळी शबनूरनं पडदा अक्काकडं वळवला. "बघा. रिकामं."

अक्का त्या काळ्या-पांढऱ्या सावल्यांकडं टक लावून बघत होती. जन्मभर उपवास केले, पण रिकामं पोट दिसतं कसं ते ती आज बघत होती. तिनं नकळत हात जोडले. कुणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग उतारावर पाठ टेकली, डोकं उंच, छाती मोकळी. तोंडावर मास्क आला. "सावकाश भरून घ्या अक्का. घाई न्हाय. आज घाई कुणालाच न्हाय." शबनूरचे दोन्ही हात तिच्या जबड्याशी होते, गरम आणि घट्ट. अक्काला एवढंच आठवतं की हाताच्या शिरेत गार काहीतरी शिरलं आणि तिच्या मनात आलं, आता माझं मला काही करायचं नाही, श्वाससुद्धा घ्यायचा नाही. तो आता ही डॉक्टरीण घेणार. एवढं आपल्याला कुणी कधी उचलून धरलं होतं?

जाग आली तेव्हाही ती अर्धी बसलेलीच होती, आणि कानाशी तोच आवाज. "अक्का, मोठा श्वास. आणि एक. शाब्बास." शबनूर जागची हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंपाक्का मंडळातल्या बायकांना घेऊन वॉर्डात आल्या. येताना मऊ भाताचा डबा, आणि डोळ्यांत राग. "अण्णांनी सांगितलं बाई सगळं. मशीन बिघडलेलं, आन नाव तुझ्या उपवासावर! पोटात अन्न हाय म्हणती! कोण ती मुल्लाणी? तिला आपल्या नेमातलं काय कळतंय? आता ठरवलंय आम्ही, आपल्यातल्या कुणी ह्या दवाखान्याची पायरी चढायची न्हाय. समद्या बस्त्यांतनी सांगणार."

अक्कानं बाहुबलीकडं बघितलं. तो डब्याचं झाकण लावत होता, काढत होता.

आणि शबनूर तिथंच होती! शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची नाडी बघत. एकूण एक शब्द तिच्या कानावर गेला होता. एका वाक्यात ती ह्या सगळ्यांची तोंडं बंद करू शकली असती. ती अक्कापाशी आली, छातीला स्टेथोस्कोप लावला, विचारलं, "दम लागतोय काय अक्का? रात्री झोप लागली?" आणि हसून पुढच्या खाटेकडं गेली. पेशंटचं गुपित होतं ते. तिनं ते गिळलं आणि वर स्वतःची बदनामीही गिळली. अशी माणसं असतात!

"चंपाक्का," अक्का म्हणाली. आवाज अजून घोगरा होता. "मशीन बरोबर हुतं. पोटात अन्न हुतं. मी बारीक व्हायची सुई घेत हुतो. ती आधीच चालू हुती, तुम्ही शाल घातलीसा तवाबी. उपवासबी खरा, सुईबी खरी. गप्प बसलो ते चुकलं. त्या डॉक्टरीणबाईंनी जीव वाचवलाय माझा."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. चंपाक्कांनी अक्काच्या कपाळाला हात लावला आणि मायेनं म्हणाल्या, "भूल उतरली न्हाय गं हिची अजून. काय बी बडबडाय लागलीय. पड बाई, पड. चला गं, तिला झोपू द्या."

"अवो, मी शुद्धीत हाय!"

"व्हय व्हय, हाईस की," म्हणत सगळ्याजणी गेल्याही. अक्का त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. शालीच्या वेळी न बोलता खोटं खपलं, आणि आता ओरडून सांगितलं तर खरं खपेना! संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळीकडं होणार होती आणि शबनूरचं नाव मातीत जाणार होतं.

"सांगायची काय गरज हुती?" बाहुबली पुटपुटला. "मी सगळं सावरलं हुतं."

"मला सावरलंसा. आन तिला पाडलंसा." अक्काचे डोळे वाहत होते. "अवो, माझा श्वास तिच्या हातात हुता. मी मेल्यागत पडलेली, कोण बघणार हुतं तिला? तरी तिनं हात काढला न्हाय. आन आपण तिच्या माघारी तिला खोटी पाडायची? मी सांगितलं तर भूल म्हणत्यात. तुम्हाला तर कुणी भूल दिली न्हाय न्हवं?"

बाहुबली उठला. चपला पायात अर्ध्या, अर्ध्या बाहेर, तसाच दारातनं गेला. लिफ्टची वाट न बघता जिन्यावरनं उतरल्याचा आवाज आला. अक्का उशी पोटाशी धरून, कान खिडकीकडं लावून बसली. खाली रिक्षा सुरू झाल्याचं ऐकू आलं. आणि मग भट्टीवर कमावलेला तो आवाज अख्ख्या आवारात घुमला.

"ओ चंपाक्का! थांबवा ती रिक्षा! शुद्धीवर हाय ती! तिनं सांगितलं ते समदं खरं हाय! मशीन बिघडलं नव्हतं, डॉक्टरीण चुकली नव्हती! खोटं मी बोललो! मी, बाहुबली!"

कोपऱ्यातल्या खाटेपाशी शबनूर हातातलं काम सोडून उभी होती, आणि चष्मा काढून तो उगाचच पुसत होती. अक्कानं तिच्याकडं बघितलं, आणि तिला हसू फुटलं. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं तेच हसू. टाके ओढले, कळ आली, तरी ती पोटाला उशी दाबून रडत रडत हसतच राहिली.